न पाहिलेल्या गाडीसाठी

३१ मार्च २०१६ची रात्र. लॉस एंजेलिसच्या विमानतळापासून जवळच असलेलं हॉथॉर्न, तिथला टेस्लाचा डिझाइन स्टुडिओ, आणि साडेआठची वेळ. मॉडेल ३ नावाची विजेवर चालणारी गाडी त्या रात्री पहिल्यांदा लोकांसमोर यायची होती. आत जायला निमंत्रण लागत होतं, आणि ते पत्रकारांना, कंपनीच्या माणसांना आणि आधीपासून टेस्ला बाळगून असलेल्यांपैकी काही नशीबवानांना मिळालं होतं. म्हणजे आत काही शे माणसं. बाकी साऱ्या जगाला ऑनलाइन प्रक्षेपण.

त्या रात्रीबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि जवळपास सगळं मंचावरच्या माणसाबद्दल. मला ज्यांना निमंत्रण नव्हतं त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. गाड्यांच्या इतिहासात त्या दिवशी जे घडलं ते माझ्या मते हॉलच्या बाहेर घडलं, आणि तेही पडदा उठायच्या कितीतरी तास आधी.

बुकिंगची व्यवस्था अशी होती. त्या दिवशी सकाळी टेस्लाची दुकानं उघडली की हजार डॉलर भरून नाव नोंदवायचं. घरबसल्या नोंदवायचं तर कॅलिफोर्नियाच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात वाजेपर्यंत थांबायचं. आणि गाडी दिसणार साडेआठनंतर. म्हणजे जो कुणी सकाळी दुकानात जाऊन पैसे भरेल तो गाडी न पाहताच भरणार. पैसे परत मिळण्याची सोय होती, हे खरं. पण हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने सहासष्ट हजार रुपये, आणि ते नेमके कधी कामी येणार याचा पत्ता नाही. गाडी २०१७च्या अखेरीस यायला लागेल असं कंपनी सांगत होती.

लोकांना ठाऊक काय होतं? किंमत पस्तीस हजार डॉलरपासून, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तेवीस लाखांच्या घरात. एका चार्जिंगमध्ये निदान दोनशे मैल, आपल्या भाषेत सव्वातीनशे किलोमीटर. आकाराने कंपनीच्या आधीच्या मॉडेल एस या गाडीपेक्षा लहान. बस. पुढून कशी दिसते, मागचं दार कसं उघडतं, आत मीटर कुठे आहे, मागे बसलेल्या उंच माणसाचे गुडघे कुठे जातात, यातलं काहीही माहीत नव्हतं. आणि या असल्या गोष्टींवर महिनोन् महिने चर्चा झडत होत्या. कुणी कल्पनेने चित्रं काढत होतं, कुणी बॅटरीच्या भावावरून आत किती युनिटांची बॅटरी परवडेल याचं गणित मांडत होतं. गाडी आवडणाऱ्या माणसाला हा काळ फार गोड असतो. गाडी अजून सगळ्यांची असते, प्रत्येकाच्या मनात वेगळी असते, आणि कुणाचीच चुकीची नसते.

मग तो दिवस उगवला, आणि जगाच्या नकाशात तो आधी ऑस्ट्रेलियात उगवतो म्हणून पहिल्या रांगाही तिकडेच लागल्या. सिडनीत लोक दुकानाबाहेर आदल्या दिवसापासून येऊन बसले होते. तिथून ती लाट सरकत हाँगकाँग, युरोप करत अमेरिकेत पोचली. घडीच्या खुर्च्या, तंबू, झोपायच्या पिशव्या, थर्मास. कुणी लॅपटॉप उघडून रांगेतूनच ऑफिसचं काम करतोय, कुणी पोरांना घेऊन आलंय. ओळीत पुढे-मागे उभे असलेले अनोळखी लोक एकमेकांची जागा सांभाळतायत, कॉफी आणून देतायत. प्रत्येक दुकानाबाहेर वीस-तीस माणसं येतील असा टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्क याचा अंदाज होता. काही ठिकाणी आठशे आली. हे त्याने स्वतःच ट्विटरवर लिहिलं आणि रांगेत उभं राहिलेल्यांना आठवण म्हणून भेट पाठवतो असं कबूल केलं.

आषाढीला पंढरपुरात पोचलेल्या लाखोंपैकी कितीतरी जण गाभाऱ्यापर्यंत जात नाहीत. बाहेरून कळसाला हात जोडतात आणि समाधानाने गावाकडे परततात. त्यांची वारी कुणी अपुरी मानत नाही. त्या रांगांचे फोटो बघताना मला तेच आठवत होतं. रांगेतल्या लोकांना हॉथॉर्नच्या हॉलमध्ये प्रवेश नव्हता, याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हती. त्यांचं काम ते जिथे उभे होते तिथेच पार पडत होतं.

काम म्हटलं, कारण ते काम होतं. एवढी आतुरता अशी एका दिवसात निर्माण होत नाही. तिच्या मुळाशी वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फक्त टेस्लाचा नाही.

१९९६ साली जनरल मोटर्सने ईव्ही१ नावाची दोन सीटची विजेची गाडी आणली. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातल्या लोकांना ती विकत मिळायची नाही, भाड्याने मिळायची. अशा अकराशे सतरा गाड्या बनल्या. ज्यांना मिळाल्या ते तिच्यावर जीव टाकायला लागले. पण २००३च्या सुमारास कंपनीने कार्यक्रम गुंडाळला आणि गाड्या परत मागितल्या. लोक म्हणाले, आम्ही विकत घेतो. कंपनी नाही म्हणाली. त्या वर्षी जुलैमध्ये हॉलिवूडच्या एका स्मशानभूमीत ईव्ही१च्या चालकांनी आपल्या गाडीची चक्क अंत्ययात्रा काढली. २००५मध्ये बरबँकला कंपनीच्या आवाराबाहेर लोकांनी दिवसरात्र पहारा दिला. आत उरलेल्या अठ्ठ्याहत्तर गाड्यांसाठी एकोणीस लाख डॉलर मोजायची त्यांची तयारी होती. तरीही गाड्या ट्रकवर चढवून नेल्या. बहुतेक ईव्ही१ शेवटी चिरडल्या गेल्या. थोड्याफार संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या, त्याही चालू होणार नाहीत अशा करून.

विजेची गाडी आवडणाऱ्या माणसांच्या मनात ही जखम होती. गाडी हातात येते आणि कुणीतरी ती काढून नेतं. २०१६च्या रांगेत उभं राहून हजार डॉलर भरणाऱ्या सगळ्यांना ईव्ही१ आठवत असेल असं मी म्हणणार नाही. कितीतरी जण तेव्हा शाळेत असतील. पण या छंदाची जी माणसं जुनी होती, ज्यांनी इतरांना या नादाला लावलं, त्यांनी ही गोष्ट पुढच्यांना सांगितली होती. ईव्ही१ चिरडल्या गेल्या त्यावरून टेस्लाची कल्पना पुढे आली, असं मस्कनेही पुढे लिहिलं आहे.

दुसरं मूळ २००६ सालचं. त्या वर्षी १९ जुलैला सांता मोनिका विमानतळावरच्या बार्कर हँगरमध्ये टेस्लाने आपली पहिली गाडी, रोडस्टर, दाखवली. तीही निमंत्रितांनाच, साडेतीनशेच्या आसपास माणसांना. राज्याचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगरही आले होते. एक लाल आणि एक काळी अशा दोनच नमुना-गाड्या होत्या आणि पाहुण्यांना त्यातून फेरी मारून आणली जात होती. नंतर दोन आठवड्यांनी मस्कने एक छोटा लेख लिहून कंपनीचा बेत जाहीर केला. आधी एक महाग स्पोर्ट्स कार बनवायची. त्या पैशातून जरा परवडणारी गाडी बनवायची. त्या पैशातून आणखी परवडणारी. इतका सरळ बेत. त्यात गुंतागुंत कुठेच नव्हती, म्हणून तो लक्षात राहिला.

आणि मग दहा वर्षं लोक हा बेत तपासत राहिले. रोडस्टर २००८मध्ये गिऱ्हाइकांकडे जायला लागली, ठरल्यापेक्षा उशिरा आणि ठरल्यापेक्षा महाग. मार्च २००९मध्ये मॉडेल एस दाखवली, पुन्हा हॉथॉर्नलाच, पुन्हा निमंत्रितांना. ती जून २०१२मध्ये रस्त्यावर आली. म्हणजे पहिली पायरी झाली, दुसरी झाली. तिसरी म्हणजे मॉडेल ३. ज्या माणसाने २००६मध्ये तो लेख वाचला आणि ज्याच्या खिशाला ना रोडस्टर परवडली ना मॉडेल एस, तो दहा वर्षं त्याच तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. ३१ मार्चच्या रांगेतला खरा माणूस तो. त्याला गाडीचं नाक कसं आहे याची उत्सुकता होतीच, पण त्याहून मोठी उत्सुकता दिलेला शब्द पाळला जातो का याची होती. अशा माणसाला पैसे भरण्याआधी गाडी बघायची गरज वाटली नाही, यात मला काही अजब वाटत नाही.

त्या रात्री मंचावर हे मान्यही केलं गेलं. ज्यांनी मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या आधीच्या महाग गाड्या घेतल्या त्यांच्या पैशातून ही गाडी उभी राहिली, असं म्हणून मस्कने त्यांचे आभार मानले. मला त्या सगळ्या कार्यक्रमातला सर्वांत प्रामाणिक क्षण तो वाटला.

आपल्याकडे तेव्हा १ एप्रिलची सकाळ होती, नऊ वाजलेले. पुण्यात ऑफिसला निघायची हीच वेळ. मी घरीच थांबलो आणि टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. आधी हवेतल्या कर्बवायूचे आलेख, मग जुन्या गाड्यांची गोष्ट. प्रेक्षकांचा धीर सुटत चाललेला ऐकू येत होता. आणि मग तीन गाड्या एकामागून एक मंचावर आल्या. एक चंदेरी, एक चकाकी नसलेली काळी, एक लाल. पुढे जाळी नाही. इंजिनच नाही तर जाळी कशाला हवी, हे कळत असूनही ते कोरं नाक पहिल्यांदा बघताना डोळे अडखळले. माथ्यावर लांबच लांब काच. आत डॅशबोर्डवर एक आडवा पडदा आणि चालकासमोर काहीच नाही. वेग किती ते बघायला नजर उजवीकडे वळवावी लागणार. दोनशे पंधरा मैलांची रेंज, म्हणजे जवळपास ३४५ किलोमीटर. शून्यापासून ताशी साठ मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत.

पण मी ताठ बसलो तो शेवटी. गेल्या चोवीस तासांत आलेल्या नोंदण्यांचा आकडा मस्कने सांगितला तेव्हा. एक लाख पंधरा हजार.

हा आकडा पिंपरी-चिंचवडमध्ये लहानाचा मोठा झालेला कुणीही विसरत नाही. १९९८च्या ३० डिसेंबरला टाटांची इंडिका बाजारात आली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या नोंदण्या १ लाख १५ हजारांवर गेल्या. आगाऊ पैसे भरून. माझे वडील तेव्हा टेल्कोत होते. टेल्को हेच नाव आमच्याकडे चालायचं. कंपनीने ते पुढे बदलून टाटा मोटर्स केलं, तरी आमच्या कॉलनीने नाही बदललं. इंडिका त्या वर्षी जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांनी पाहिली होती, पण आम्ही तिच्यामागे त्याआधीपासून होतो. चाचणीच्या गाड्या नाक-तोंड काळ्या कापडाने झाकून रस्त्यावर फिरायच्या. आम्ही पोरं सायकली घेऊन गेटजवळच्या वळणावर थांबायचो. कापड वाऱ्याने फडफडलं की कुणाला दिवा दिसायचा, कुणाला नुसता पत्र्याचा कोपरा, आणि रात्री कॉलनीच्या कट्ट्यावर त्यावरून भांडणं. वडिलांना विचारलं तर ते जेवणाच्या ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "येईल तेव्हा बघा." त्यांना सगळं ठाऊक असायचं. आणि त्यांना ठाऊक आहे, पण ते सांगणार नाहीत, यातच आम्हाला काय तो आनंद वाटायचा.

आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्या आठवड्यात पैसे भरले. आयुष्यात स्कूटरपलीकडे काही घेतलं नव्हतं त्यांनी. काकू आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला भरणा केल्याची पावती दाखवत होत्या. काका कारखान्यात इंडिका बनायची त्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, काम करत होते. गाडी कशी बनते ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी पैसे भरले.

दोन्ही गोष्टींत आणखी एक साम्य आहे, ते मला नंतर वाचताना सापडलं आणि फार आवडलं. इंडिकासाठी टेल्कोने ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, तो सुटा केला, जहाजात घालून पुण्याला आणला आणि पुन्हा जोडला. मॉडेल ३ ज्या फ्रेमाँटच्या कारखान्यात बनते तोही टेस्लाने २०१०मध्ये विकत घेतलेला, आधी जनरल मोटर्स आणि टोयोटा मिळून चालवत असत असा. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर, त्या धंद्यात नवख्या असलेल्या कंपन्यांनी, सामान्य माणसासाठी गाडी बनवायला घेतली. आणि सामान्य माणसाने सव्वा लाखाच्या आसपास संख्येने पुढे येऊन आधी पैसे टाकले. पुण्यात असो की कॅलिफोर्नियात, त्या माणसाला कुठेतरी वाटत होतं की ही गाडी उभी राहायची तर त्यात आपलाही हात लागला पाहिजे.

पाडवा त्या वर्षी ८ एप्रिलला होता. आपल्याकडे गाडीची सगळी धांदल असते ती डिलिव्हरीच्या दिवसाची. पुण्यात पाडव्याला कुठल्याही शोरूममध्ये जाऊन बघा. ओळीने गाड्या उभ्या, प्रत्येकीवर लाल कापड, प्रत्येकीसमोर एक कुटुंब. आजीच्या हातात हळदकुंकवाची कुयरी, चाकाखाली लिंबू, आणि ते कापड कुणी ओढायचं यावर भावंडांत तंटा. मुहूर्त टळू नये म्हणून गाडीची कागदपत्रं करणाऱ्या मुलाची धावपळ. या सगळ्यात प्रत्येक घराची वाट बघणं वेगळं असतं, आपापलं असतं. हॉथॉर्नच्या त्या रात्रीचं वेगळेपण असं की लाखो माणसांनी एकाच गाडीची, एकाच घटकेची वाट पाहिली, आणि ती गाडी अजून कुणाचीच नव्हती. त्या पाडव्याच्या आदल्या दिवशी टेस्लाने आठवड्याचा आकडा सांगितला. सव्वातीन लाख नोंदण्या.

निमंत्रितांपुरत्या कार्यक्रमांवर टीका होते. हा सगळा बाजाराचा खेळ आहे, दार बंद ठेवून भूक वाढवायची युक्ती आहे, असं म्हणतात. युक्ती आहेच. कुठलीही कंपनी पडदा फुकट उठवत नाही. पण मी त्या टीकेशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. बंद दारामुळे बाहेरची माणसं एकमेकांकडे वळतात. आत सगळ्यांना घेतलं असतं तर प्रत्येकाने मंचाकडे बघितलं असतं. बाहेर राहिले म्हणून ते एकमेकांशी बोलले, अंदाज बांधले, एकमेकांना बॅटरीचं रसायन समजावलं, चार्जिंगला किती वेळ लागतो ते शिकवलं. २०१६मध्ये विजेच्या गाडीबद्दल सामान्य माणसाला जेवढं कळत होतं, त्यातलं पुष्कळसं या वाट बघणाऱ्यांनी फुकट शिकवलेलं होतं. हा खर्च कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

माझी चिंता दुसरीकडे आहे. एवढी मोठी आतुरता अंगावर घेणाऱ्याने ती पेलली पाहिजे. ते इथे कसं झालं तेही सांगायला हवं.

२८ जुलै २०१७ला फ्रेमाँटमध्ये पहिल्या तीस गाड्यांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, तोवर नोंदण्या साडेचार लाखांच्या वर होत्या. आता पुढचे सहा महिने तरी उत्पादनाचा नरक असणार, हे मस्कने त्याच समारंभात सांगितलं होतं, आणि तसंच झालं. यंत्रमानवांच्या भरवशावर आखलेली साखळी अडकत राहिली. बॅटरीचे संच जुळवायला माणसं लावावी लागली. शेवटी २०१८च्या जूनमध्ये कारखान्याच्या आवारात चक्क एक भलामोठा तंबू ठोकून त्यात जोडणीची नवी ओळ सुरू केली, तेव्हा कुठे आठवड्याला पाच हजार गाड्यांचा टप्पा गाठला. ज्या गाडीसाठी लोक तंबूत झोपले होते तिला शेवटी तंबूनेच तारलं.

आणि ती पस्तीस हजार डॉलरची गाडी? आधी महागाच्या गाड्या बनल्या, लांब रेंजच्या. पस्तीस हजारांची विक्रीला आली २०१९च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी. पडदा उठल्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. मधल्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत निम्मी झाली होती, कारण नियमच तसा होता. एखाद्या कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्या की सवलत टप्प्याटप्प्याने कमी व्हायची. म्हणजे ज्याच्याकडे पैसा होता त्याने महाग गाडी आधी घेतली आणि सवलतही पूर्ण घेतली. ज्याने त्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून सर्वांत जास्त वाट पाहिली, त्याच्या पदरात सर्वांत कमी पडलं. हा हिशेब मला आजही टोचतो. गाडी उत्तम निघाली, तिने साऱ्या उद्योगाची दिशा वळवली, हे सगळं मान्य. तरी टोचतो.

इंडिकाचंही सुरुवातीला सुरळीत गेलं नाही. आवाज, हादरे, टायर लवकर झिजणं अशा तक्रारी आल्या. कंपनीने त्या ऐकल्या, गाड्या बोलावून भाग बदलून दिले, आणि २००१मध्ये सुधारलेली व्ही२ आणली. तिने मग रस्ते भरून टाकले. पहिल्या लाखभर लोकांनी धीर धरला म्हणून दुसरी गाडी चांगली झाली. विश्वासाने आधी पैसे टाकणाऱ्याची किंमत ही अशी असते.

आता आपल्या इथल्या एका गोष्टीकडे येतो. कार्यक्रमाच्या तोंडावर मस्कने जाहीर केलं की नोंदणीच्या यादीत आणखी काही देश घालतोय. त्यात ब्राझील, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, सिंगापूर, आयर्लंड होते. आणि भारत. एका ओळीची ती बातमी मी किती वेळा वाचली असेन! टेस्लाचं इथे दुकान नव्हतं, सर्व्हिस सेंटर नव्हतं, चार्जर नव्हता. तयार गाडी परदेशातून आणायची तर साठ ते शंभर टक्के सीमाशुल्क. हे सगळं माहीत असून भारतातल्या माणसांनी हजार डॉलर भरले. पेटीएमचे विजय शेखर शर्मा यांच्यासारखे नावाजलेले उद्योजक त्यात होते, आणि ज्यांची नावं कुठे छापून आली नाहीत असेही होते. इथे रांग लावायला दुकानच नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरात, कार्ड हातात घेऊन, एकट्याने पैसे भरले. जगातल्या सगळ्या रांगांमध्ये ही रांग मला सर्वांत धीराची वाटते.

वर्षं गेली. दरवर्षी टेस्ला येणार येणार अशा बातम्या यायच्या. २०२१च्या जानेवारीत बेंगळुरूत कंपनीची नोंदणी झाली तेव्हा वाटलं, आता नक्की. पुन्हा शुल्काची चर्चा, पुन्हा शांतता. आणि २०२५च्या मे महिन्यात, नऊ वर्षांनी, त्या जुन्या नोंदणीदारांना ई-मेल आले की तुमचे नोंदणीचे पैसे आम्ही परत करतोय.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ जुलै २०२५ला, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मेकर मॅक्सिटीमध्ये टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उद्घाटनाला होते. गाडी मॉडेल ३ नव्हती, मॉडेल वाय होती, शांघायच्या कारखान्यातून आलेली, आणि किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिल्या गाडीची किल्ली परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. विजेच्या गाड्यांचा प्रसार व्हावा म्हणून मंत्र्याने स्वतः पुढाकार घेतला, हे चांगलंच झालं. महाराष्ट्रात असं दुकान पहिल्यांदा उघडलं याचाही मला आनंद आहे.

पण त्या दिवशीची छायाचित्रं बघताना मी काचेच्या आतल्या माणसांमध्ये दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होतो. निमंत्रितांची यादी करायचं काम माझ्याकडे असतं तर मी सुरुवात २०१६च्या त्या नोंदणीवहीपासून केली असती. ज्याने एप्रिलच्या त्या सकाळी, शोरूम नसलेल्या देशात बसून, न पाहिलेल्या गाडीसाठी पैसे भरले, त्याला फोन करून सांगितलं असतं की गाडी आली आहे, घरच्यांना घेऊन या, पहिली फेरी तुमची. गाडी घ्या किंवा घेऊ नका, साठ लाख प्रत्येकाकडे कुठून असणार! पण पहिल्या ओळीतल्या खुर्च्या त्यांच्या, मंत्र्यांच्या आणि पत्रकारांच्या आधी. काम अवघड नव्हतं. नावं, पत्ते, तारखा, सगळं कंपनीकडे होतंच, पैसे परत करायला तीच वही तर उघडली होती.